बाकी

सुई कापडात रुतलेली होती.
आईने दार ढकललं,
(दार उघडंच होतं, कचेरीतल्या माणसाने
खोलीचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला होता)
खिडकीशी शिवणयंत्र,
त्याच्या दाबाखाली एक छोटी बाही.
निळी. टीप अर्ध्यावर थांबलेली.

याफा, एकोणीसशे एकोणपन्नासचा फेब्रुवारी.
खाली समुद्र रिकामी भांडी आपटत होता.

आईचं नाव जोया. गाव सालोनिका.
तिच्या वडिलांचं तिथे कापडाचं दुकान होतं;
गाडी पोलंडकडे सुटली त्याच्या तिसऱ्या दिवशी
शेजाऱ्याने कुलूप तोडलं आणि
त्याच गजाने कापड मोजायला घेतलं.
युद्ध संपल्यावर ती परत गेली, तेव्हा
आजीच्या कबरीचा दगड सापडला
एका अंगणाच्या पायरीला.
अक्षरं वर होती. तिने वाचली,
आणि पायरी ओलांडून निघून आली.
घरची एकोणीस माणसं. उरली ही एकटी.
कशी, असं विचारलं की म्हणायची,
"मला काजं करता येत होती. एवढंच."

पहिले दोन महिने ती हातानेच शिवत राहिली.
यंत्राला हात लावला नाही.
"उसवायला मला येतं गं,
पण कुणाचं उसवतेय, ते सांगायला घरात कोण होतं?"

मग खाऱ्या हवेने यंत्र धरलं,
आणि पोटाला तर हवंच होतं.
दुरुस्तीला नखला आला, अजमी वस्तीतून,
खिशात बाहेर पडण्याचा परवाना.
वस्तीभोवती तेव्हा तार होती.
तार आईच्या ओळखीची होती.
फक्त आजवर तिने ती
बाहेरून पाहिली नव्हती.

दोघांची मोडकीतोडकी फ्रेंच.
नखला गुडघ्यांवर बसला, पट्टीवरची धूळ पुसली,
यंत्राचा नंबर मोठ्याने वाचला, एकेक आकडा सुटा.
आईने नकळत आपली बाही
मनगटापर्यंत खाली ओढली.

त्याने पिशवीतून वही काढली.
"वदाद. तेलाच्या घाण्यामागचं घर.
हप्ते सव्वीस. भरले चोवीस."
मग जरा वेळाने, वहीत न लिहिलेलं,
"बोटीने गेली. गाझाकडे, म्हणतात."

आई म्हणाली, "उरलेले दोन मी भरते."
नखलाने वही मिटली.
"ती बाकी तिची आहे, बाई. ती येऊन भरेल."
"आणि नाही आली तर?"
तो तेलाची कुपी शोधत राहिला.
"तर बाकी राहील."

दाब आईने स्वतः उचलला.
बाही काढून घेतली, लोंबत्या दोऱ्यासकट,
आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवली.

त्याच यंत्रावर आमची सगळी कापडं झाली.
माझे शाळेचे फ्रॉक, पडदे, लोकांच्या चादरी.
निसिमच्या गणवेशाची पँट तिने दोन बोटं आखूड केली,
त्र्याहत्तरच्या सुट्टीत, घाईघाईने.
तो सुएझहून आला नाही.
त्यानंतर कितीतरी दिवस
ती पायट्यावर पाय ठेवून नुसती बसायची.
चाक फिरायचं नाही.

मी एकदा विचारलंच,
टीप पुरी का नाही केलीस? वीतभर तर होती.
"एका बाहीचं काय करू?" ती म्हणाली,
"दुसरी तिच्याकडे आहे."

आता भोंगा वाजला की मी जिन्याखाली जाते.
बरोबर गोळ्या, चष्मा, बिस्किटांचा डबा.
शेजारी फोनवर बातम्या पाहतात:
आमची नावं, मग त्यांचे आकडे.
गाझात घरं चळतीसारखी खाली बसतात.
चार वर्षांच्या हाताची असेल ती बाही;
म्हणजे तो हात, असलाच तर,
माझ्याहून थोडा म्हातारा.

काल अंधारात डबा उघडून चाचपलं.
सुईने पाडलेलं शेवटचं भोक
बोटाला अजून लागतं.